निवृत्तीचं वय आणि आयुष्याची दोरी

काही ढकलपत्रं अमर असतात. याहू आणि हॉटमेलच्या जमान्यात फिरायला लागलेलं असंच एक पत्र आता व्हॉट्सॲपवर सुखाने नांदतं आहे. तुम्हालाही ते एकदा तरी आलंच असेल. त्यात एक कोष्टक असतं. डावीकडे निवृत्तीचं वय, उजवीकडे मृत्यूचं सरासरी वय. पन्नाशीला निवृत्त झालेला माणूस म्हणे ८६ वर्षं जगतो आणि पासष्टीला निवृत्त झालेला ६६.८ व्या वर्षी जातो. म्हणजे पेन्शनचे जेमतेम दीड-पावणेदोन वर्षांचे हप्ते! खाली तात्पर्य : पंचावन्ननंतर केलेलं कामाचं प्रत्येक वर्ष आयुष्याची दोन वर्षं खातं. भारदस्तपणासाठी बोइंग या विमान कंपनीचं नाव. बोइंगने असा काही अभ्यास केल्याचा इन्कार केला त्यालाही आता बरीच वर्षं झाली, पण इन्कार कोण पुढे ढकलतो?

दुसरी गोष्ट शिकलेल्या लोकांत जास्त चालते. मी जर्मनीत राहतो, आणि इथे पेन्शनचा विषय निघाला की कोणीतरी ती हमखास सांगतं. बिस्मार्कने जगातली पहिली सरकारी पेन्शन सुरू केली, पण गडी महा हुशार. तेव्हा लोकांचं सरासरी आयुष्य पस्तीस-चाळीस वर्षांचं, आणि त्याने पेन्शनचं वय ठेवलं पासष्ट. म्हणजे द्यायला कोणी जिवंतच नको! पुढे सगळ्या जगाने तोच आकडा उचलला.

एक गोष्ट सांगते की लवकर निवृत्त व्हा म्हणजे जास्त जगाल. दुसरी सांगते की निवृत्तीचं वय मुळात माणूस मरेल अशा बेताने ठरवलं होतं. दोन्ही चूक आहेत, आणि गंमत म्हणजे दोन्हींत चूक एकाच गोष्टीची आहे. ती म्हणजे सरासरी.

आधी बिस्मार्कची गोष्ट बघू. जर्मनीचा वृद्धत्व आणि अपंगत्व विम्याचा कायदा १८८९ च्या मे महिन्यात तिथल्या संसदेत १८५ विरुद्ध १६५ अशा बेताच्या मतांनी पास झाला आणि १ जानेवारी १८९१ पासून लागू झाला. बिस्मार्कला कामगारांचा फार कळवळा होता असं नाही. १८७८ साली त्याने समाजवाद्यांच्या संघटनांवर आणि वृत्तपत्रांवर बंदी घातली होती. पण नुसत्या दांडक्याने कामगार समाजवाद्यांपासून तुटत नाहीत, सरकारकडून काहीतरी हातात पडलं तरच तुटतील, हा त्याचा हिशेब. म्हणून १८८३ साली आजारपणाचा विमा, १८८४ साली अपघाताचा आणि १८८९ साली हा तिसरा. वर्गणी अर्धी कामगाराची, अर्धी मालकाची, आणि वर प्रत्येक पेन्शनमागे सरकारचे वर्षाला ५० मार्क. कामगाराकडे एक कार्ड असे आणि त्यावर दर आठवड्याला वर्गणीची तिकिटं चिकटवायची. लोकांनी कायद्याला नाव ठेवलं 'चिकटवण्याचा कायदा'.

या कायद्यातलं पेन्शनचं वय पासष्ट नव्हतंच, सत्तर होतं! ते पासष्टवर आलं १९१६ साली. तेव्हा बिस्मार्कला जाऊन अठरा वर्षं झाली होती. 'स्वतःच्या वयावरून त्याने पासष्ट ठरवलं' असंही काही जण सांगतात. कायदा झाला तेव्हा स्वारी ७४ वर्षांची होती. पुढच्याच वर्षी नव्या कैसरने त्याला घरी पाठवलं. म्हणजे बिस्मार्क पंच्याहत्तरीच्या उंबरठ्यावर निवृत्त झाला, तेही मनाविरुद्ध, आणि त्यानंतर आठ वर्षं जगून १८९८ साली ८३ व्या वर्षी गेला. ढकलपत्राच्या कोष्टकात हा माणूस कुठेच बसत नाही.

आता सरासरी आयुष्याकडे येऊ. १८७१ ते १८८१ या काळातल्या जर्मन आकडेवारीनुसार मुलग्याचं जन्माच्या वेळचं अपेक्षित आयुष्य ३५.६ वर्षं होतं. आकडा खरा आहे, त्याचा लावलेला अर्थ खोटा आहे. समजा दोन भाऊ. एक पहिल्या वाढदिवसाच्या सुमारास गेला, दुसरा ६९ व्या वर्षी. दोघांची सरासरी ३५. पण पस्तिसाव्या वर्षी दोघांपैकी कोणीच गेलेलं नाही!

आम्हा इंजिनियर मंडळींना हे समजायला सोपं जातं. कुठल्याही यंत्रभागाच्या बिघाडाचा आलेख काढला तर तो आंघोळीच्या टबासारखा दिसतो. सुरुवातीला बरेच भाग पटापट निकामी होतात, मग लांबलचक सपाट काळ, आणि शेवटी झिजून झिजून पुन्हा बिघाड वाढतात. सुरुवातीच्या त्या बिघाडांना आमच्या शास्त्रात 'बालमृत्यू' असाच शब्द आहे. एकोणिसाव्या शतकातल्या जर्मनीत साधारण चारातलं एक मूल पहिलं वर्ष पुरं करत नसे. सरासरी खाली ओढली होती ती या बाळांनी. पण पेन्शनचा संबंध पाळण्याशी नाही, कारखान्याशी आहे. विमा सुरूच होत असे सोळाव्या वर्षापासून. विशी ओलांडलेल्या दहा तरुणांपैकी ढोबळमानाने तिघं सत्तरी गाठत होते, आणि पासष्टी गाठलेल्या पुरुषाला पुढे सरासरी साडेनऊ वर्षं मिळत होती. म्हणजे बिस्मार्कचं सत्तर हे वय कंजूषपणाचं होतं हे खरंच, दहांतल्या सात जणांना ते लाभणारच नव्हतं. पण 'कोणी जिवंतच राहत नव्हतं' हे खरं नाही.

शिवाय ही गोष्ट सांगणारे कायद्याच्या नावातला एक शब्द विसरतात : अपंगत्व. सत्तरीच्या आतच ज्याचं शरीर कामातून गेलं, त्याला वयाची अट नव्हती. आणि पुढच्या काही वर्षांतच वृद्धत्वाच्या पेन्शनींपेक्षा अपंगत्वाच्या पेन्शनींची संख्या कितीतरी जास्त झाली. खाणीत, भट्टीपाशी, यंत्रमागावर आयुष्य काढलेल्या माणसाला सत्तरीची वाट बघायची वेळच येत नव्हती, त्याचे गुडघे आणि फुप्फुसं त्याला आधीच निवृत्त करत होती. खरं म्हणजे निवृत्तीच्या वयाचा आयुष्याशी असलेला खराखुरा संबंध या अपंगत्वाच्या पेन्शनींतच दिसतो, पण त्याकडे नंतर येऊ.

सत्तरचे पासष्ट झाले ते पहिलं महायुद्ध ऐन भरात असताना. जर्मन लोकांचं आयुष्य तेव्हा वाढलं होतं म्हणून नाही. लढाई चालू असताना कामगारांना राजी ठेवणं भाग होतं. अमेरिकेतही तसंच. १९३५ साली रूझवेल्टच्या काळात सोशल सिक्युरिटीचा कायदा झाला तेव्हा तिथल्या ज्या राज्यांत वृद्धांसाठी पेन्शन होती त्यांतल्या साधारण निम्म्यांत वय ६५ आणि निम्म्यांत ७० होतं. १९३४ च्या रेल्वे कामगारांच्या पेन्शन योजनेत ६५ होतं. हिशेबनिसांनी गणित मांडलं, ६५ परवडतंय असं दिसलं, ठरलं ६५. ब्रिटनने १९०८ च्या कायद्यात आठवड्याला ५ शिलिंगांपर्यंत पेन्शन दिली ती सत्तरीनंतर. वय कोणाचंही असो, ते ठरलं तिजोरीत किती आहे आणि मतदार किती चिडलेत यावरून.

अमेरिकेच्या त्या योजनेत दर महिन्याच्या पेन्शनचा पहिला चेक ३१ जानेवारी १९४० ला निघाला, आयडा मे फुलर या बाईंच्या नावाने, २२ डॉलर ५४ सेंटचा. बाईंनी तीन वर्षांत मिळून वर्गणी भरली होती २४ डॉलर ७५ सेंट. निवृत्त झाल्या पासष्टीला. ढकलपत्राच्या हिशेबाने त्या १९४१-४२ पर्यंत जायला हव्या होत्या. त्या गेल्या १९७५ साली, वयाची शंभरी गाठून, आणि तोवर त्यांना मिळाले एकूण २२,८८८ डॉलर ९२ सेंट! अर्थात एका बाईंवरून काही सिद्ध होत नाही. पण १९४० साली पासष्टी गाठलेल्या अमेरिकन पुरुषालाही पुढे सरासरी जवळजवळ तेरा वर्षं मिळत होती, आणि तिथे मुलग्याचं जन्मवेळचं अपेक्षित आयुष्य १९३० साली ५८ वर्षं होतं. पुन्हा तोच सरासरीचा चकवा.

बिस्मार्कचं इतपत पुरे. आता ते कोष्टक.

हे कोष्टक मी गमतीत घेत नाही. नात्यातल्या एका बँकवाल्यांनी ते मला पाठवून गंभीरपणे विचारलं होतं, "व्हीआरएसचा अर्ज करून टाकू का? तू शास्त्रज्ञ माणूस, तूच सांग." घरात मुलीचं शिक्षण चालू, कर्ज फिटलेलं नाही, आणि निर्णय एका कोष्टकावर. असे निर्णय आपल्याकडे किती घरांत झाले असतील कोण जाणे.

पहिली परीक्षा साधी बेरीज-वजाबाकीची. पासष्टनंतर एका वर्षाला दोन वर्षं कमी होत गेली तर सत्तराव्या वर्षी निवृत्त होणारा माणूस सत्तावन्नाव्या वर्षीच गेलेला असला पाहिजे. म्हणजे शेवटची तेरा वर्षं त्याचं भूत ऑफिसला येत होतं!

दुसरी परीक्षा जुनी आहे, आणि ती घेतली विल्यम फार नावाच्या इंग्रजाने. हा इंग्लंडच्या जन्ममृत्यू नोंदणी कार्यालयातला आकडेतज्ज्ञ. कुठल्या धंद्यातला माणूस सरासरी कितव्या वर्षी मरतो अशी कोष्टकं तेव्हाही लोक आवडीने काढत. १८४३ च्या सुमारास फारने त्यातली खोट दाखवली. सैन्यातले पोरसवदा अधिकारी आणि नवखे पाद्री यांच्या मृत्यूचं सरासरी वय काढा, आणि सेनापती, बिशप, न्यायाधीश यांचं काढा. दुसरं कितीतरी जास्त येणार. मग काय, आरोग्य सुधारावं म्हणून तरुणांना थेट बिशप करायचं? बिशप होण्यासाठी आधी तेवढी वर्षं जगावं लागतं. जो तिशीत गेला तो बिशप झालाच नाही, मग तो बिशपांच्या यादीत येणार कसा?

निवृत्तीचंही हेच. जो पासष्टीला निवृत्त झाला तो पासष्टीपर्यंत जिवंत होता ही त्याची पात्रताच आहे. म्हणून नुसती मृत्यूची वयं मांडली तर पासष्टीला निवृत्त झालेलेच जास्त जगलेले दिसायला हवेत. कोष्टक उलटं दाखवतं. ते तसं कसं येऊ शकेल? एक वाट आहे. गेल्या पाच वर्षांत पासष्टीला निवृत्त झालेल्यांपैकी फक्त मेलेल्यांचीच वयं घ्या. ती ६५ ते ७० च्या बाहेर जाऊच शकत नाहीत. बाकीचे अजून फिरायला जात आहेत, पेपर वाचत आहेत, त्यांना यादीत जागा नाही. हे म्हणजे शंभर दिवे चाचणीला लावायचे, पहिल्या महिन्यात दहा गेले की त्या दहांवरून सांगायचं, दिव्याचं सरासरी आयुष्य पंधरा दिवस. असा अहवाल मी दिला तर माझी नोकरी दुसऱ्या दिवशी जाईल.

नीट केलेला अभ्यास कसा असतो तेही बघा. शेल ऑइल कंपनीच्या अमेरिकेतल्या, १९७३ ते २००३ या काळात निवृत्त झालेल्या कर्मचाऱ्यांचा अभ्यास २००५ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला. त्यांनी फारचा धडा लक्षात ठेवला. ५५ ला निवृत्त झालेल्यांपैकी जे पासष्टीला जिवंत होते, त्यांचीच तुलना ६५ ला निवृत्त झालेल्यांशी केली. निष्कर्ष ढकलपत्राच्या बरोबर उलटा : पंचावन्नला निवृत्त झालेल्यांत मृत्यूचं प्रमाण ३७ टक्क्यांनी जास्त. साठीला आणि पासष्टीला निवृत्त झालेल्यांत मात्र फारसा फरक नाही.

मग काय, काम करत राहिलं की आयुष्य वाढतं? थांबा, घाई नको. पंचावन्नला नोकरी सोडणाऱ्यांत तब्येत बिघडली म्हणून सोडणारेही असतात. निवृत्तीमुळे आजार की आजारामुळे निवृत्ती, हे नुसत्या तुलनेने कळत नाही. त्यासाठी असे लोक हवेत ज्यांची निवृत्ती त्यांच्या तब्येतीवर नाही, कुठल्यातरी बाहेरच्या नियमावर अवलंबून होती.

असे दोन प्रसंग युरोपात घडले. १९८० च्या दशकात ऑस्ट्रियाचा पोलाद उद्योग कोसळला. सरकारने १९८८ साली ठरावीक जिल्ह्यांतल्या पन्नाशीपुढच्या कामगारांना दीर्घ मुदतीचा बेकारभत्ता दिला, तो संपला की पुढे पेन्शन. शेजारच्या जिल्ह्यात तसाच कामगार, पण त्याला ही सोय नाही. अर्थतज्ज्ञांनी दोघांची तुलना केली. ज्या पुरुषांना लवकर घरी बसता आलं त्यांच्यात ६७ च्या आत मृत्यू येण्याची शक्यता घरी बसण्याच्या दर जादा वर्षामागे सुमारे १३ टक्क्यांनी वाढली. बायकांत असा फरक दिसला नाही. पुरुषांच्या त्या जादा मृत्यूंत सिगारेट आणि दारूचा वाटा मोठा होता.

दुसरा प्रसंग नेदरलँड्समधला. २००५ साली तिथल्या पंचावन्नपुढच्या काही सरकारी कर्मचाऱ्यांना काही काळापुरती लवकर निवृत्तीची सवलत मिळाली. ज्या पुरुषांनी ती घेतली त्यांच्यात पुढच्या पाच वर्षांत मृत्यू येण्याची शक्यता कमी झाली, २.६ टक्के गुणांनी.

एकीकडे लवकर निवृत्ती मारते, दुसरीकडे तारते. शास्त्रज्ञ भांडताहेत असं वाटेल, पण दोन्ही निकाल शेजारी ठेवा. ऑस्ट्रियाच्या कामगाराची भट्टी थंड झाली होती, गाव रिकामं होत होतं, हाताला काम नाही आणि दिवस खायला उठतो. नेदरलँड्सच्या कारकुनाने आपणहून अर्ज केला होता, पेन्शन पक्की होती. दोघांनीही कागदावर एकच गोष्ट केली, 'लवकर निवृत्ती'. प्रत्यक्षात एकाचं आयुष्य हिसकावलं गेलं होतं आणि दुसऱ्याला ते परत मिळालं होतं. गिरणगाव ज्यांनी पाहिलं आहे त्यांना हा फरक वेगळा सांगायला नको.

आता मघाशी बाजूला ठेवलेल्या मुद्द्याकडे, त्या गुडघ्यांकडे आणि फुप्फुसांकडे. आमच्या संस्थेच्या वर्कशॉपमध्ये एक फिटर होते. सोळाव्या वर्षी शिकाऊ म्हणून लागले, पंचेचाळीस वर्षं लेथपाशी उभे राहिले. शेवटी शेवटी जिना चढताना कठड्याला धरून थांबत. त्याच इमारतीत एक प्राध्यापक आहेत, निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी रोज सकाळी सायकलने येतात आणि माझ्या पेपरमध्ये चुका काढतात. दोघांच्या निवृत्तीचं वय कायद्याने ठरवायचं तर सरासरी घेणार का?

सरकारं तेच करतात. जर्मनीने २००७ साली ठरवलं की पेन्शनचं वय २०१२ ते २०३१ मध्ये हळूहळू ६५ वरून ६७ वर न्यायचं. डेन्मार्कने वयाची सांगड थेट वाढत्या आयुर्मानाशी घातली आहे, आणि मे २०२५ मध्ये तिथल्या संसदेने २०४० सालासाठी ७० हे वय मंजूर केलं. म्हणजे फिरून बिस्मार्कच्याच आकड्यावर! यात तर्क आहे, नाही असं नाही. पासष्टीचा जर्मन पुरुष आता पुढे सुमारे साडेसतरा वर्षं जगतो, बाई सुमारे एकवीस. ते पैसे कुठून तरी यायला हवेत.

पण ही वाढलेली वर्षं सगळ्यांना सारखी वाटली गेलेली नाहीत. जर्मनीच्या १९९२ ते २०१६ च्या पाहणीत सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त उत्पन्नाच्या गटांतल्या पुरुषांच्या आयुर्मानात ८.६ वर्षांचा फरक निघाला, बायकांत ४.४ वर्षांचा. अमेरिकेत तर ही दरी रुंदावते आहे. तिथल्या राष्ट्रीय अकादमींच्या २०१५ च्या अहवालानुसार १९३० साली जन्मलेल्या पुरुषांत, पन्नाशीनंतर किती जगणार यात सर्वांत वरच्या आणि सर्वांत खालच्या पाचव्या हिश्श्यात ५.१ वर्षांचा फरक होता. १९६० साली जन्मलेल्यांत तो १२.७ वर्षांचा होईल असा अंदाज आहे. खालच्या हिश्श्यातल्या माणसाचं आयुष्य या तीस वर्षांत वाढलेलंच नाही. सरासरी वाढली ती प्राध्यापकाची, आणि जास्त वर्षं राबायचं फिटरने. ४५ वर्षं वर्गणी भरलेल्यांना थोडं आधी पूर्ण पेन्शन देण्याची सोय जर्मनीने २०१४ साली केली ती यामुळेच, आणि तिच्यावरून अजून वाद चालू असतात.

आपल्याकडे हा वाद वेगळ्या वळणावर आहे. केंद्र सरकारच्या नोकरीतलं वय १९६२ साली ५५ चं ५८ झालं, १९९८ साली ६०. पण हे झालं नोकरदारांचं. शेतमजूर, भाजीवाली, गवंडी, घरकाम करणाऱ्या मावशी यांच्या आयुष्यात निवृत्तीचं वय ही भानगडच नाही. हात चालेनासे झाले तो निवृत्तीचा दिवस. अशा गरीब वृद्धांसाठी जी राष्ट्रीय पेन्शन योजना आहे तिचं वय २०११ साली ६५ वरून ६० वर आणलं गेलं, तेव्हा त्यात केंद्राचा वाटा होता महिना २०० रुपये. बिस्मार्कच्या काळातला जर्मन कामगार निदान अपंगत्वाची पेन्शन मागू शकत होता.

तेव्हा ते कोष्टक पुन्हा आलं तर त्यावरून अर्जही करू नका आणि अर्ज मागेही घेऊ नका. कर्ज किती राहिलं, शरीर काय म्हणतं, कामावरून घरी आल्यावर उद्याची ओढ वाटते की धास्ती, आणि सोडल्यावर सकाळी उठून जायला कुठली जागा आहे, हे प्रश्न स्वतःला विचारा. आणि 'लोक आता जास्त जगतात, मग वय वाढवायला काय हरकत आहे?' असं कोणी म्हणालं तर एवढंच विचारा : कुठले लोक?